खडूच्या गोळ्या

आईनं सुतळी सोडली, गुंडाळी उलगडली आणि डॉक्टर निमकर मॅडमच्या टेबलावर आमच्या घरचं भिंतीवरचं कॅलेंडर पसरलं. कागद सारखा वळून परत गुंडाळला जात होता. मग तिनं एका कोपऱ्यावर मॅडमचाच पेपरवेट ठेवला आणि दुसऱ्या कोपऱ्यावर स्वतःचं कोपर.

"बघा मॅडम. सकाळची गोळी दिली की निळी खूण, रात्रीची दिली की लाल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत. एक दिवस रिकामा सापडला तर मला बोला."

मॅडम वाकून बघायला लागल्या. कॅलेंडरवर सगळंच होतं. गॅस कधी लागला, दूधवाला कधी आला नाही, मामाचा फोन कधी आला. आणि त्या सगळ्या गर्दीत, रोज, न चुकता, एक निळी फुली आणि एक लाल फुली. अक्कलकोटहून सोलापूरला येताना एसटीत आई ती गुंडाळी मांडीवर उभी धरून बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "नकाशा आहे का हो?" आई म्हणाली, "हो, तसंच म्हणा."

"सुचेताच्या आई," मॅडम म्हणाल्या, "खुणा दिसताहेत मला. पण खूण होणं वेगळं आणि गोळी पोटात जाणं वेगळं. कधी मुलं थुंकून टाकतात. कधी आपणच दमलेले असतो, वाटतं उद्या देऊ—"

"माझ्यासमोर गिळते ती. तोंड उघडून बघते मी. जीभ वर करायला लावते."

"मग पुण्याहून अशी चिठ्ठी का येते?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी बाहेरच्या हॉलमध्ये सात नंबरच्या खाटेवर बसले होते, डाव्या हाताला रक्ताची पिशवी चढत होती, आणि मॅडमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मी बारा वर्षांची होते. मी आठ नंबरच्या खाटेकडे बघितलं. तिथे अंबादास चिलवेरी छताकडे बघत पडला होता, आणि छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आता हे सगळं कशावरून, ते सांगते.

मला थॅलेसेमिया आहे. माझं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरचं घ्यावं लागतं. तेव्हाही घ्यायचे, आताही घेते. त्या हॉस्पिटलच्या बालरक्तरोग विभागात आम्ही वीसेक मुलं होतो. कुणी बुधवारचे, कुणी शनिवारचे. अंबादास आणि मी शनिवारचे. सकाळी नऊला रक्त लागायचं आणि दुपारी दोनला सुटायचं. रक्तामुळे गालावर रंग यायचा, धावायला बळ यायचं. पण प्रत्येक पिशवी अंगात थोडं लोह मागे ठेवून जाते, आणि ते आपोआप बाहेर पडत नाही. साचत राहतं, काळजात, यकृतात. ते काढायला पोटाच्या कातडीत एक बारीक सुई खुपसून झोपावं लागायचं. साबणाच्या डबीएवढं एक यंत्र रात्रभर त्यातून औषध सोडत राहायचं. आठवड्यातून सहा दिवस. रविवारी सुट्टी, शाळेसारखी.

माझं लोह फार वाढलं होतं. म्हणून निमकर मॅडमनी संशोधनासाठी मुलं घ्यायचं ठरवलं तेव्हा आई पहिल्या दिवशीच सही करायला उभी राहिली. सुई चालूच राहणार होती. तिच्या जोडीला लोह काढणारी एक नवी गोळी द्यायची आणि काय फरक पडतो ते वर्षभर बघायचं, असा बेत होता. पण त्यात एक मेख होती. मॅडमनी सगळ्या मुलांच्या आयांना हॉलमध्ये गोळा करून सांगितलं, "निम्म्या मुलांच्या बाटलीत खरी गोळी असेल. निम्म्यांच्या बाटलीत दिसायला तशीच, पण नुसती पांढरी भुकटी. कुणाला कुठली, ते मलाही माहीत नाही. पुण्याला एका पाकिटात बंद आहे ते. आणि जो कुणी नेम मोडेल, त्याचं नाव कमी करावं लागेल. तिथे माझा इलाज चालणार नाही."

"भुकटी म्हणजे कशाची हो, मॅडम?" कुणीतरी विचारलं.

"समजा खडूची."

झालं. त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये दोनच जाती उरल्या, खरीवाले आणि खडूवाले. आणि कोण कुठल्या जातीचा हे कुणालाच माहीत नव्हतं. आयांनी मात्र शोध लावायचं सोडलं नाही. एकीनं गोळी चाटून बघितली. दुसरीनं पाण्यात टाकून ठेवली. आईनं नाकाला लावून वास घेतला आणि म्हणाली, "काही नाही, गोळीचाच वास आहे."

आमच्या त्या हॉलचा आणखी एक नेम होता, तो कुठल्या कागदावर नव्हता. गायकवाड सिस्टरांनी घालून दिलेला होता तो. साडेअकराला डबे उघडायचे. उघडलेला डबा एक नंबरच्या खाटेपासून निघायचा, दहा नंबरपर्यंत जायचा आणि रिकामा होऊन मालकाकडे परत यायचा. कुणी लपवून खाताना दिसला की सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "या हॉलमध्ये एकट्यानं काही खायचं नाही. घरी जाऊन खा लपूनछपून." त्यामुळे माझ्या शेंगाचटणीचा मला एक घास मिळायचा आणि बाकी नऊ घास नऊ घरांचे. अंबादासच्या डब्यातली चिंचेच्या कोळातली आमटी मला इतकी आवडायची, की मी आठ नंबरच्या शेजारची खाट मागून घेतली होती. मैत्री त्यानंतरची.

अंबादास माझ्याहून दीड वर्षानं मोठा, पण उंचीला माझ्या खांद्याएवढा. त्याची आई घरी विड्या वळायची, वडील यंत्रमागावर कामाला होते. घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी, आणि तोंड एक मिनिट बंद नाही.

दुसऱ्या बाटल्या मिळाल्या त्या शनिवारी, आया चहाला गेल्या होत्या तेव्हा, तो माझ्या खाटेकडे सरकला.

"सुचे, तुझी बाटली काढ."

"का?"

"काढ म्हटलं की काढायचं. वकिलासारखं काय बघलालीस?"

मी पिशवीतून बाटली काढली. बेचाळीस गोळ्या. त्यानं त्याची काढली. त्याच्याही बेचाळीस.

"समज, तुझ्यात खडू आहे," तो म्हणाला. "मग तुझं वर्ष वाया. समज, माझ्यात खडू आहे. मग माझं वर्ष वाया. बरोबर?"

"बरोबर."

"आता समज, दोन्ही एका डब्यात ओतल्या, हलवल्या आणि परत बेचाळीस-बेचाळीस भरल्या. मग?"

मी विचार केला. गणित मला बरं यायचं. "मग दोघांनाही निम्मी निम्मी खरी."

"आणि दोघांनाही खडू असला तर?"

"मग दोघांनाही खडूच."

"मग नुकसान काय झालं?"

नुकसान काहीच झालं नव्हतं. उलट मला वाटलं, हे इतकं सरळ आहे तर मॅडमना कसं सुचलं नाही.

"पण नेम आहे ना," मी म्हटलं.

"नेम काय आहे? रोज दोन गोळ्या खा. आपण रोज दोनच खाणार. गोळ्या चुकवू नका. आपण चुकवणार नाही. अदलाबदल करू नका असं कुणी म्हणालं का? तू ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे, कुणी तसं करेल असं मॅडमच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आम्ही त्याच्या रिकाम्या डब्यात चौऱ्याऐंशी गोळ्या ओतल्या. झाकण लावून त्यानं डबा कानाशी नेऊन वाजवला. मग दोघांनी एकेका हातानं, कारण दुसऱ्या हातात सुई, गोळ्या परत भरल्या. त्याच्या डब्याला आमटीचा वास होता. पुढचे तीन आठवडे माझी प्रत्येक गोळी आंबट लागली. आईनं माझं तोंड उघडून जीभ वर करायला लावली आणि म्हणाली, "शहाणी माझी बाय ती." मला फार अपराधी वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

"कुणाला सांगायचं नाही," अंबादासनं बजावलं होतं. "आईला पण नाही. शपथ?"

"शपथ."

असं आम्ही पाच वेळा केलं. दर वेळी गोळ्यांची मोजणी चोख यायची. रिकाम्या बाटल्या परत घेताना गायकवाड सिस्टर म्हणायच्या, "ही दोन पोरं बघा. एक गोळी इकडची तिकडे नाही."

आणि मग पुण्याहून चिठ्ठी आली. ज्यांच्याकडे ते पाकीट होतं त्यांनी लिहिलं होतं: सुचेता कोरे आणि अंबादास चिलवेरी या दोन मुलांच्या रक्ताचे आकडे जुळत नाहीत, गोळ्या नीट दिल्या जातात का याची चौकशी करावी, त्यामागचं कारण आत्ता सांगता येणार नाही. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आई नुसती "देते की" म्हणाली. घरी आल्यावर तिला ते टोचायला लागलं. तीन आठवडे टोचत राहिलं. शेवटी तिनं भिंतीवरून कॅलेंडर उतरवलं.

तर ते कॅलेंडर आता टेबलावर होतं आणि मॅडम शांतपणे बोलत होत्या. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, म्हणून ते जास्त लागायचं.

"मला तुमच्यावर आळ घ्यायचा नाही. पण मला काहीतरी लिहावं लागेल. गोळ्या नियमित दिल्या गेल्या नाहीत, असंच लिहावं लागेल. त्यावर तुमची सही लागेल."

मला खाटेवरून आईची पाठ दिसत होती. माझ्यासाठी ही बाई चार वाजता उठायची, पहिल्या एसटीला लागायची, शाळेत जाऊन बाईंना समजवायची, सुई टोचताना स्वतःच्या पोटावर टोचून आधी धार बघायची. आता मला दोन वर्षांची मुलगी आहे. तिला नुसता सर्दीचा डोस द्यायचा तर मी दोनदा विसरते. आईनं मात्र एक फुली चुकवली नव्हती, आणि तिला चुकवली अशी सही करायची होती.

"करते सही," आई हळू म्हणाली. "पण पोरीचं नाव काढू नका. तिला खरी गोळी असेल तर? माझी चूक म्हणून लिहा. उद्यापासून इथे येऊन, तुमच्यासमोर देते."

अक्कलकोटहून रोज. दोन वेळा. तिनं तो हिशेब केलाच नव्हता, नुसतं बोलून गेली.

मी खाटेवरून पाय खाली सोडले. पिशवी टांगलेला स्टँड धरला आणि ढकलत निघाले. मागून अंबादास "सुचे" असं दबक्या आवाजात म्हणाला. मी वळले नाही.

"मॅडम, आई देते. रोज देते. आम्ही मिसळल्या."

"काय मिसळलं?"

"गोळ्या. अंबादासच्या आणि माझ्या. त्याच्या डब्यात. आणि मग परत निम्म्या निम्म्या घेतल्या. पाच वेळा."

मॅडमनी चष्मा काढला. आई माझ्याकडे वळली आणि वळलेलीच राहिली. तिच्या कोपराखालून कॅलेंडर सुटलं आणि आपोआप गुंडाळलं गेलं.

"का?" मॅडमनी विचारलं.

"कुणा एकालाच खरी मिळाली तर बरं दिसत नाही ना. इथे एकट्यानं काही खायचं नाही, असं सिस्टर सांगतात."

दाराबाहेर कुणाच्या तरी हातातला ट्रे खाली पडला. गायकवाड सिस्टर होत्या.

मॅडमनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता त्या रागावणार. पण त्यांचे खांदे हलत होते. बराच वेळ हलत होते. मग त्यांनी डोळे पुसले, उठून आईसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुचेताच्या आई, माझं चुकलं. मी तुमच्यावर अविश्वास दाखवला."

एवढी मोठी डॉक्टर उभी राहून असं म्हणते, हे त्या हॉलनं आधी कधी बघितलं नव्हतं. आईला काय करावं सुचेना. तिनं पेपरवेट उचलून त्यांच्या हातात दिला.

मग मॅडम खुर्चीत बसल्या आणि आता खरंच गंभीर झाल्या. त्यांनी अंबादासलाही आत बोलावलं. गोळ्या वाटल्या की वर्षभराची मेहनत कशी मातीत जाते, ते समजावून सांगितलं. एखाद्या मुलाला काही त्रास झाला असता तर कुठल्या गोळीनं झाला हेही कळलं नसतं, म्हणाल्या. आणि सगळ्यात शेवटी म्हणाल्या, "तुमची दोघांची नावं काढावी लागतील. आता सगळं संपेपर्यंत फक्त सुई. बाटल्या इथे ठेवा."

अंबादासनं बाटली ठेवली. त्याच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तो माझ्याकडे न बघता खाटेवर जाऊन पडला.

एसटीत आईनं मला शेंगा घेऊन दिल्या. वळसंग गाव मागे पडलं. मग ती म्हणाली, "गणित कुणाचं होतं?"

"त्याचं."

"हुशार आहे मेला," ती म्हणाली, आणि शेंगा सोलायला लागली.

पुढचे आठ महिने आम्ही सुईवर काढले. अंबादास दोन-तीन शनिवार घुम्यासारखा होता, मग एका शनिवारी त्याची आमटी माझ्या खाटेशी येऊन जास्तच वेळ थांबली, आणि आम्ही परत बोलायला लागलो. गोळ्यांचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

पाकीट फुटलं पुढच्या जूनमध्ये. नवी गोळी चांगली ठरली होती. खडूवाले जागच्या जागीच होते आणि खरीवाल्यांचं लोह झपाझप उतरलं होतं. आता ती सगळ्यांनाच मिळणार होती, आम्हालाही. मॅडमनी मला आत बोलावून माझी नवी बाटली हातात दिली.

"सांगू का, तुझ्या जुन्या बाटलीत काय होतं?"

मी मान हलवली.

"खडू."

"आणि त्याच्या?"

"खरी."

मी हिशेब केला. म्हणजे त्याच्या गोळ्यांपैकी निम्म्या मी खाल्ल्या होत्या. त्याच्या वाट्याला मात्र आला होता माझा खडू. आणि मी जाऊन सांगितलं, म्हणून त्याची उरलेलीही गेली होती, आठ महिने.

"त्याला कुठे माहीत होतं," मी म्हटलं. मलाच ते धरायला काहीतरी हवं होतं.

मॅडम म्हणाल्या, "पहिली बाटली संपली त्या शनिवारी सकाळी तो माझ्याकडे आला होता. सुई लावली की सकाळी लघवी विटकरी होते ना, लोह पडतं म्हणून? त्यानं विचारलं, रविवारी सुई नसते, मग सोमवारीही तसाच रंग का येतो? मी म्हटलं, मला सांगता येत नाही. मग विचारलं, सुचीला येतो का? मी म्हटलं, तेही सांगता येत नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मी तिला विचारतो."

त्यानं मला विचारलं होतं. मला आठवलं. पायऱ्यांवर, अगदी सहज, असलं घाणेरडं काय विचारतोस म्हणून मी त्याला चापट मारली होती आणि वर सांगितलंही होतं, सोमवारी साधा असतो, जा. त्याच शनिवारी त्यानं बाटली काढायला सांगितली होती.

मी हॉलमध्ये आले. आठ नंबरवर अंबादास त्याची नवी बाटली उजेडाला धरून बघत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"तुझी खरी आहे ते."

त्यानं बाटली खाली घेतली. "मॅडमच्या तोंडाला पण झाकण नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नको बाई, तुझी तुला. मग मी म्हणणार, घे. तू म्हणणार, नको. तोवर आया चहा पिऊन परत आल्या असत्या."

"आणि अर्धा खडू खाल्लास तू."

"मला आवडतो खडू. चौथीत असताना फळ्याखालचे सगळे तुकडे मीच खायचो."

मला हसू आलं आणि त्याच वेळी नाकही वाहायला लागलं. मी स्टँडला धरून उभी राहिले. "मी सांगायला नको होतं. तुझी गेली माझ्यामुळं."

"ए, रडू नको. सिस्टर मला ओरडतील." तो बाटलीचं झाकण उघडबंद करत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या आईनंतर माझ्या आईचा नंबर होता त्या दिवशी. तिला तर मराठीत भांडता पण येत नाही. मी सांगायलाच उठलो होतो."

"खोटं."

"आईशप्पथ. खाटेवरून उतरलो पण होतो. माझ्या स्टँडच्या चाकात चादर अडकली. नाहीतर तुझ्या आधी पोचलो असतो."